मोडाल फाटक!

मैत्रिणीच्या शेतावरचं खचलेलं फाटक खांद्यानं उचलून आपटल्याशिवाय लागत नसे. ती नवऱ्याबरोबर तिथं जायची तेव्हा ते काम कायम त्याचं. धाडकन आवाज झाला की आतून मैत्रीण ओरडायची, “भाऊजी, हळू! मोडाल फाटक!” नवरा गेल्यावर पहिल्यांदाच ती एकटी आली होती. वाटभर एकच घोर: फाटक लागलं नाही आणि शेळ्या बाहेर पडल्या तर? पण बिजागऱ्या नव्या होत्या. बोटानंच फाटक गुपचूप लागलं. ती आल्याचं कुणाला कळलंच नाही. खिडकीतून मैत्रिणीच्या नवऱ्याचा आवाज आला, “वहिनींसमोर त्याचं नाव काढू नकोस हं.” आठ महिने सगळे तिला असंच जपत होते. तिनं मागे वळून फाटक सताड उघडलं आणि बळ एकवटून आपटलं. “भाऊजी, हळू! मोडाल…” सवयीची हाक आली आणि मध्येच थांबली. ती फाटकाला टेकून उरलेल्या शब्दाची वाट पाहत राहिली.