खरा मालक

“नाव काय याचं?”

बाईने उत्तराला जरा जास्तच वेळ घेतला. “ढब्बू.”

“आणि तुमचं?”

“ढब्बूच लिहा ना. पेशंट तोच आहे.”

प्राण्यांच्या डॉक्टरणीने मान वर करून पाहिलं. बाई तिशीची असावी. कोट चांगल्यातला, पण बटणं खालीवर लागलेली. नजर सारखी काचेच्या दाराकडे. टेबलावर तपकिरी कुत्रा मलूल पडला होता. कालपासून त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. लसीचे कागद नव्हते. पत्ता विचारला तर “सध्या ओळखीच्यांकडे राहते”, फोन विचारला तर “बंद पडलाय”.

डॉक्टरणीने कुत्र्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. अंगातलं पाणी पार आटलं होतं. हात फिरवत ती मागच्या पायापाशी आली आणि थबकली. हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं.

“हे कधीचं?”

“जिन्यावरून पडला होता.”

“दाखवलं कुणाला?”

“नाही जमलं. मीच फळी बांधली.”

डॉक्टरणीने ओठांवर आलेलं गिळलं. “उचला जरा, वजन करू.”

बाईने त्याला एकाच हाताने छातीशी घेतलं. दुसऱ्या मनगटाला पट्टी होती. “यानेच साखळी ओढली,” कुणी विचारलं नसताना ती म्हणाली.

एवढं मरगळलेलं जनावर साखळी काय ओढणार, असं डॉक्टरणीच्या मनात आलं. पण मन निराळ्याच वाटेने गेलं. आपला नसलेला कुत्रा ओढून नेताना हात दुखावतोच.

नवीन जनावर आलं की खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवायचा, ही तिची सवय होती. लोक हसायचे. पण तिची स्वतःची कुत्री फाटकातून नाहीशी झाली, तेव्हा तिच्या कातडीखाली मालकाचा पत्ता सांगणारी चिप नव्हती. डॉक्टरणीने गल्लोगल्ली पत्रकं चिकटवली होती. ती कुणाच्या घरात, कुठल्या नावाने मेली, ते आजवर कळलं नव्हतं. तेव्हापासून येईल त्याच्यामागे तिचं एकच टुमणं: चिप बसवून घ्या.

स्कॅनर वाजला.

“कसला आवाज?” बाईने विचारलं.

“बॅटरी संपत आलीय,” डॉक्टरीण म्हणाली. “याला सलाइन लावावं लागेल. दोनेक तास जातील. तुम्ही आतल्या खोलीत बसा याच्याजवळ.”

“इतका वेळ?”

“जगायला हवाय ना?”

बाई त्याला छातीशी धरून आत गेली.

संगणकात चिपचा नंबर घालताच नोंद उघडली. जात तीच, रंग तोच, नाव मात्र भलतंच. मालक एक गृहस्थ. खाली लाल अक्षरांत: चोरीला गेला आहे, आढळल्यास ताबडतोब कळवा.

डॉक्टरणीने दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

कुत्रा सापडल्याचं तिने सांगितलं. पलीकडून आवाज आला, घोगरा, भरून आलेला. “जिवंत आहे?”

“आहे. वाचेल.”

“कुणी आणलंय?”

“एक बाई आहेत. पट्टी बांधलीय हाताला.”

“एकटीच?”

“हो. पोलिसांना कळवू का?”

“नको, नको. कशाला कुणाच्या मागे झेंगट लावायचं? मी तासाभरात पोचतो. तिला फक्त कळू देऊ नका, पळून जाईल. डॉक्टर, फार शोधलं हो मी. माझा जीव परत दिलात तुम्ही.”

फोन ठेवताना डॉक्टरणीचेही डोळे ओलावले. इतकं सोसूनही चोराला सांभाळून घेणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

इतक्यात साफसफाई करणाऱ्या मावशी आतून आल्या. “झोपली बिचारी. बसल्या बसल्या. कुत्रा बघा कसा चिकटलाय तिला.”

“जनावराला काय कळतं, मावशी? जो खायला घालेल तो आपला.”

“जागी होती तेव्हा विचारत होती, मागे दार आहे का म्हणून.”

“मग कुलूप लावून टाका त्याला.”

मावशी घुटमळल्या. पण डॉक्टरणीचा शब्द मोडायची त्यांची रीत नव्हती. किल्ली डॉक्टरणीच्या हातात देऊन त्या घरी गेल्या.

डॉक्टरणीने एकदा आत डोकावून पाहिलं. बाईचं तोंड झोपेत उघडं पडलं होतं आणि हात कुत्र्याच्या पाठीवर होता. कुत्रा जागा होता. क्षणभर तिला वाटलं, उठवावं, विचारावं, काय झालं म्हणून. मग तिला आपली कुत्री आठवली. तिलाही कुणीतरी असंच कुरवाळलं असेल. कुणीतरी डॉक्टर तिच्यावरूनही न विचारता हात फिरवून मोकळा झाला असेल.

तिने दार हलकेच ओढून घेतलं.

गृहस्थ तासाच्या आतच आले. नीटनेटके कपडे, भांग पाडलेला. बुटांची माती त्यांनी पायपुसण्यावर नीट पुसली. दोन्ही हात जोडून म्हणाले, “तुमचे उपकार कसे फेडू?”

“माझं कामच आहे ते. उलट्या थांबल्यात त्याच्या. पण मागच्या पायाचं तेवढं एकदा...”

ते ऐकत नव्हते. मागे वळून त्यांनी काचेच्या दाराची कडी आतून लावली, पडदा ओढला आणि घोगरेपणाचा मागमूसही नसलेल्या आवाजात विचारलं, “कुत्रा तुम्हीच ठेवा, डॉक्टर. माझी बायको कुठल्या खोलीत आहे?”