घणवालीचा नेम

कंपन्यांच्या जुन्या हार्डडिस्क फोडायच्या त्या शेडमध्ये सगळे तिला घणवाली म्हणायचे. तिचा नेम कधी चुकला नव्हता. तिचा धाकटा भाऊ ज्या कारखान्यात होरपळून मेला, तिथला साहेब आज स्वतः डिस्क घेऊन आला. पोलिसांना "कॅमेरा बंद होता" सांगणारा हाच हरामखोर. डिस्कवर चिठ्ठी चिकटवलेली होती : भट्टीचा कॅमेरा. तारीख भाऊ गेला तीच.

डिस्क ऐरणीवरून सारखी घसरत होती.

"ए बाई, मी कडेला धरतो, तू हाण! भुगा बघितल्याशिवाय हलणार नाही मी."

"घट्ट धरा हं, साहेब." दातओठ खात तिने घण उचलला.



साहेबाच्या बोटांचा चेंदामेंदा झाला, आणि घणवालीचा नेम चुकलाच कसा याची बोंबाबोंब चालू असताना अख्खी डिस्क तिच्या जेवणाच्या डब्यात गेली होती.