पाचवा कॉम्प्युटर

नेटवर्क लॅबच्या मॅडम भर दुपारी लालबुंद झाल्या होत्या. सरावाच्या पुस्तिकेतल्या चुका सुधारता सुधारता त्यांचं लाल पेन संपत आलं होतं.

"चित्रात कॉम्प्युटर चार, आणि म्हणे पाचव्याला निरोप पाठवा! अक्कल गहाण ठेवून लिहिलंय नुसतं!"

चूक सिद्धच करायची म्हणून त्यांनी पडद्यावर चार खोटे कॉम्प्युटर जोडले आणि नसलेल्या पाचव्याला निरोप पाठवला.

उत्तर आलं. चाळीस सेकंदांनी.

पुन्हा पाठवला. वीस सेकंदांनी. जितकं जवळ तितकं लवकर, हे त्या स्वतःच मुलांना शिकवत.

तावातावाने त्यांनी पुस्तिका लिहिणाऱ्या निवृत्त सरांना फोन लावला. "सर, हा पाचवा कुठून काढलात?"

"मी चारच लिहिले होते. ती ओळ मी तीनदा खोडली, मॅडम. तुम्ही निरोप नाही ना पाठवलात?"

"चुका तुमच्या, आणि वर मलाच भीती घालता?" मॅडमनी फोन आपटला. चारही कॉम्प्युटर पडद्यावरून पुसले. नेटवर्कची वायर भिंतीतून उपटली.

"आता दे बघू उत्तर!"

कोऱ्या पडद्यावर एकच ओळ उमटली.

उत्तर आलं. वेळ: शून्य सेकंद.