मंगळवारच्या वायनऱ्या

"आणि तिथे बसायला खुर्च्या असतात, की उभ्या उभ्याच पाजतात?" मगननानांनी विचारलं.

पुनमने मोबाइलवर बोट फिरवलं. "या वायनरीत खुर्च्या आहेत, नाना. द्राक्षांचा मळा थेट समुद्रापर्यंत उतरलाय. पण पायऱ्या पुष्कळ आहेत."

"मग नको. कुंदाबाईचे गुडघे."

"मग खाडीपाशी एक आहे. लहानशीच. नवरा-बायको दोघंच चालवतात. थंडीत आलेल्यांसाठी शेकोटी पेटवतात म्हणे."

"ही बरी. पण थंडी किती?"

"मे महिन्यात आपल्या जानेवारीपेक्षा जास्त."

बाहेर एप्रिलचं ऊन नव्या पेठेतलं डांबर वितळवत होतं, आणि आत ऑस्ट्रेलियाच्याही खाली असलेल्या टास्मानिया बेटावर कोणता स्वेटर न्यावा, यावर चर्चा चालली होती. जळगावकराने वायनरीच बघायची तर नाशिक काही लांब नाही. पण नाशिक एका बैठकीत संपलं असतं.

आणि नानांना काहीच संपवायचं नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. या टुरिस्ट ऑफिसात ते पहिल्यांदा आले ते काशीची चौकशी करायला. काशी लगेच आटोपली. केरळ ताणून ताणून महिनाभर पुरवलं. मग भिंतीवरच्या पोस्टरवर समुद्राकाठचे द्राक्षमळे दिसले. तिथे वायनऱ्याच इतक्या, की निवडता निवडता वर्ष निघावं.

जायचं कोणाला होतं! बायकोला, कुंदाबाईला, देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरी माणूस भिंतींशी किती बोलणार? इथे पुनम थर्मासमधला चहा ओतायची आणि विचारायची, "काकूंना समुद्र आवडतो का हो?" मग नाना सांगत बसायचे, आणि तेवढा वेळ कुंदाबाई खरंच घरी वाट बघतेय असं त्यांना वाटायचं. त्या वाटण्यासाठी ते आठवडा ढकलत.

"मंगळवारीच येत जा, नाना," तिनेच दिवाळीनंतर सांगितलं होतं. "त्या दिवशी गर्दी नसते."

खरंच नसायची. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला, फोन गप्प. दोघांना बोलायला रान मोकळं.

पण चोराच्या मनात चांदणं. आज ही पासपोर्ट मागणार, या धास्तीने नाना प्रत्येक वेळी पायरी चढत. ती मागायची नाही. भोळी आहे बिचारी, असं म्हणत ते घरी जात.

त्या मंगळवारी निघताना मात्र त्यांची नजर तिच्या चपलेवर गेली. अंगठा तुटलेला, तिथे सेफ्टी पिन लावलेली.

"कमिशनवर भागतं का गं बेटा?"

"भागतं ना. तुमचं बुकिंग झालं की मग पार्टीच, नाना." ती हसली.

नाना हसले नाहीत. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपण एका पोटासाठी धडपडणाऱ्या पोरीचा वेळ खातोय, वर मेलेल्या बायकोच्या गुडघ्यांची काळजी करायला लावतोय. खरं सांगावं, तर ती पुन्हा दारात उभं करणार नाही. बुकिंग करावं, तर यायला निमित्त उरणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मंगळवार दोन्हीकडून जाणारच होता.

शेवटी त्यांनी ठरवलं, जायचं. खरोखर जायचं, एकट्यानेच. त्या शेकोटीपाशी बसायचं आणि वाइनऐवजी गरम पाणी मागून घ्यायचं. लोक हसले तर हसू देत, पोरीचं तर भलं होईल. कुंदाबाई असताना दोघांनी हौसेने पासपोर्ट काढले होते. त्यातला आपला त्यांनी खिशात घातला. मंगळवारपर्यंत धीर टिकायचा नाही, म्हणून गुरुवारीच निघाले.

ऑफिसचं शटर खाली होतं. भर दुपारी कुलूप.

शेजारच्या दुकानात नूर महंमद टेलर शर्टाला काजं करत बसला होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "आज कसे काय, नाना? आज तर गुरुवार शे."

"पुनम कुठे गेली?"

"ती धुळ्याला असते ना."

"धुळ्याला? कधीपासून?"

"दिवाळीपासून. शेठनं धंदा बंद केला, गाळा विकायला काढला. ती तिकडे साड्यांच्या दुकानात लागली. मंगळवारी सुट्टी असते तिला. सकाळच्या बसनं येते, माझ्याकडून किल्ली घेते, झाडू मारते. तुम्ही गेले की कुलूप लावून परत जाते."

नाना स्टुलावर बसले. खिशातला पासपोर्ट त्यांनी वरूनच दाबून धरला.

"अरे नूरभाई, पण मी कुठे जाणार होतो! मी बठ्ठं, सगळंच खोटं सांगत होतो तिला. माझी बायको..."

"ठाऊक शे तिला. मयतीला मी होतो ना तुमच्याकडे. मीच सांगितलं, केरळ चाललं होतं तेव्हा."

नानांचा चेहरा उतरला. इतके मंगळवार, आणि ती सगळं जाणून विचारत होती. "म्हणजे कीव करून राहिली ती माझी?"

"मीपण हेच विचारलं तिला." नूर महंमदने दोरा तोडला. "तर म्हणे, 'चाचा, धुळ्यात माझी वाट पाहणारं कोणी नाही.'"