न थांबलेलं हृदय

शेवंताचा श्वास थांबला तरी तिच्या छातीतलं यंत्रहृदय चालूच होतं. त्याला ठोके नव्हते. नळाच्या पाण्यासारखं ते एका धारेनं रक्त फिरवायचं, म्हणून तिचं अंग अजून गरम होतं.

खाटेच्या एका बाजूला डॉक्टर केंकरे होते, दुसऱ्या बाजूला वैद्य अष्टपुत्रे. या रुग्णालयात प्रत्येक रोग्याला दोघांनी मिळून तपासायचं, असा नियम होता.

"हृदय म्हणजे पंप, आणि पंप उत्तम चाललाय," केंकरे म्हणाले.

"हृदय म्हणजे चेतनेचं घर. तुम्ही घरच काढून टाकलंत, नाडी बंद केलीत. मी काय बघणार होतो?"

"वैद्यबुवा, जुन्या पोथीतलं शरीर घेऊन बसू नका."

शेवंताचा नवरा दगडू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने पुढे होऊन चादर बाजूला केली. यंत्राची तार पोटातून बाहेर यायची तिथली जखम चिघळली होती, आत पू धरला होता.

"आठवडाभर बोंबलत होतो, हिला इथं दुखतंय, ताप येतोय. तुम्ही म्हणालात, पंप ठीक आहे. हे म्हणाले, नाडीच लागत नाही. अरे, पोट कुणी बघितलं?"

मग केंकरेंनी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"हात लावायचा नाही तिला! रोज बॅटरी मीच बदलत होतो."

दगडूने नेहमीसारखी तिच्या कमरेची बॅटरी हलक्या हाताने काढली. दुसरी भरलेली बॅटरी उशाशीच होती. ती त्याने लावली नाही.