कवीचं नाव

"कुणाचंच उत्तर चूक नसतं. कविता ऐकून काय वाटलं ते बिनधास्त बोला," म्हणत वाघचौरे सरांनी दहावीच्या वर्गाला आईवरची एक कविता वाचून दाखवली. कवीचं नाव मुद्दाम सांगितलं नाही. वर्ग भारावला की हळूच म्हणायचं, 'तो कवी मीच!'

मागच्या बाकावरची रेश्मा उठली. "सर, यातली आई तव्यावर भाकरी थापते. भाकरी परातीत थापतात, तव्यावर नुसती टाकतात. हा कवी कधी स्वयंपाकघरात गेलेलाच नाही, नुसता आयता जेवलाय."

वर्ग खदाखदा हसला. सरांनी कवीचं नाव गिळून टाकलं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन, बायको भाकरी कशी थापते ते बघत उभे राहिले.

परातीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "सापडली वाटतं कुणाला तरी कवितेतली चूक? बावीस वर्षं वाट बघतेय मी."