पंधरा मिनिटं आधी

"तासभर लागेल," कुलूपवाला म्हणाला. "चौकटसुद्धा लाथा घालून फोडलीय कुणीतरी."

"तासाभरात उरका, दादा." ओठ फाटल्यामुळे तिचे शब्द नीट उमटत नव्हते. "नवरा आत्ताच विमानात चढलाय. तीनशे किलोमीटर, एक तासाची फ्लाइट, आणि विमानतळावरून दहा मिनिटांत घरी."

"विमानं कुठं वेळेवर येतात, ताई," म्हणत त्याने जुनं कुलूप उपसून काढलं. दाराला मुठीएवढं आरपार भोक पडलं. आतून नुसती कडी राहिली.

तो नव्या कुलपासाठी खाच कोरत होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने मेसेज त्याच्यापुढे धरला. 'वारा पाठीशी होता. पंधरा मिनिटं आधीच उतरलो. आज तुला जिवंत सोडत नाही.'

तो घामाघूम होऊन छिन्नी चालवत राहिला. ती मागे उभी राहून "लवकर, लवकर" करत राहिली.

मग जिन्यात बूट वाजले. भोकातून चार बोटं आत आली आणि कडी चाचपू लागली.

कुलूपवाल्याने छिन्नी खाली ठेवली आणि हातोडी तिच्या हातात दिली.

"आता घाई नको, ताई," तो हळूच म्हणाला. "नेम धरा."